भावी बन्सीभाऊ

आमच्या निकितानं बारावीनंतर जनसंपर्क शिकायचं ठरवलं आणि मी "शिक की" म्हणालो. (मला वाटलं, माणसांशी कसं बोलायचं ते शिकवत असतील. घरात त्याची गरज खरं तर मला होती.) पुण्याच्या कॉलेजात मुलाखत होती. अट अशी, की कुठल्याही एका माणसाचं नाव लोकांत करून दाखवायचं आणि त्याची फाईल सोबत न्यायची.

"पप्पा, ज्याला कुणीच ओळखत नाही असा माणूस पाहिजे," निकिता म्हणाली, आणि मायलेकी एकदमच माझ्याकडं बघायला लागल्या.

तशी त्यांची निवड चुकली नव्हती. मी मिरजगावात दूध संस्थेत क्लार्क. निकिता रांगत होती तेव्हापासून तिथं बसतोय, तरी आमचे चेअरमन काकासाहेब मला अजून "ए, ते हे" अशीच हाक मारतात.

माझा वाढदिवस जवळ आला होता. हायवेच्या चौकात एक फ्लेक्स लावायचा, एवढंच ठरलं. निकितानं माझा फोटो रिझवान फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि मी निर्धास्त झोपलो.

सकाळी चौकात गेलो तर वर मी! म्हणजे तोंड माझं, खालचं धड कुणाचं तरी. कडक पांढरे कपडे, कानाला मोबाईल. आणि माझ्या नावावर ठळक अक्षरांत, 'भावी चेअरमन'. संस्थेची निवडणूक महिन्यावर आलेली. मी तसाच रिझवानचं दुकान गाठलं.

"रिझवान, हे 'भावी' तुला कुणी टाकायला सांगितलं?"

"कुनी न्हाई, भाऊ. भावी टाकल्याबिगर फ्लेक्स लई मोकळा दिसतो. परवा एका बारशाच्या फ्लेक्सवर पन टाकलं, भावी सरपंच. बाळाचा बाप लई खूश झाला!"

तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला.

"बन्सीभाऊ," (इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक, आणि ती अशी) "कवापास्नं हुतं हे मनात?"

"साहेब, आईशप्पथ, पोरीच्या अभ्यासाचं..."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. उद्यापास्नं कामावर येऊ नगा. प्रचारात लई धावपळ आसती."

नोकरी गेली म्हणजे पुणंही गेलं. निकिताचा चेहरा उतरला, पण तिनं धीर सोडला नाही. असं संकट निस्तरायलाच तर जनसंपर्क लागतो, म्हणाली. तिनं मला भिंतीपुढं उभं करून व्हिडिओ काढला. 'मी निवडणूक लढवणार नाही, कधीच लढवणार नाही,' असं मी हात जोडून सांगितलं. गावच्या सगळ्या ग्रुपवर तो गेला.

संध्याकाळी दारात हार घेऊन माणसं!

"अहो, मी नाही म्हणालोय," मी कळवळून सांगितलं.

"म्हनूनच आलो," शेजारचा गोरक्षनाथ डोळा मारत म्हणाला. "ज्याला उभं ऱ्हायचं न्हाई तो कशाला सांगत बसतो? आता आमी आग्रह करायचा आन् तुमी ऐकायचं, आसंच ना?"

त्यांनी आग्रह केला. गळ्यात हारही घातला. मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. मी पार खचलो होतो, पुढ्यातला चहासुद्धा तसाच होता. आत निकिता रडत होती. "माझ्यामुळं पप्पांची नोकरी गेली. मी नाही जायची पुण्याला."

ते ऐकून बायको पदर खोचून बाहेर आली. "गप. ह्यांनी पढवल्यागत बोलून दाखवलं, ते कोन खरं मानंल? मोबाईल धर. मी बोलते."

आणि ती बोलली. "आवो, कुनाला चेअरमन करायला निघालात? ह्यांना दळन आनायला धाडलं तर दुसऱ्याचं पीठ घेऊन येत्यात. किल्ली खिशात आन् कुलूप दगडानं फोडत्यात. डॉक्टर म्हशीला इंजेक्शन द्यायला आले, तर म्हैस उभी आन् हे आडवे!"

निकितानं मला हात जोडायला लावून व्हिडिओ काढला, त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. हे मात्र ग्रुपवर पडल्यावर गावाला ऐकताक्षणी पटलं. चहा गार व्हायच्या आत गोरक्षनाथ परत आला आणि माझ्या गळ्यातला हार काढून घेऊन गेला. पाठोपाठ काकासाहेबांचा फोन.

"ए, ते हे... उद्या येळेवर ये."

मला भरून आलं. नोकरी परत मिळाली होती.

फाईलमध्ये निकितानं सगळं जसंच्या तसं लावलं. मुलाखतीला मी सोबत गेलो. आत मॅडमनी बायकोचा तो व्हिडिओ दोनदा बघितला म्हणे, आणि विचारलं, "वडिलांची एवढी बदनामी रचायची, म्हणजे जरा जास्तच झालं नाही का?"

"मॅडम, रचलेलं काहीच नाही. म्हशीचं तर आईनं निम्मंच सांगितलंय."

"काहीतरीच! बाहेर बसलेत ना? बोलव त्यांना."

हे सगळं मला निकितानं नंतर सांगितलं. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा बाकावर मी नव्हतोच. शोधत शोधत मॅडमसुद्धा तिच्या मागोमाग आल्या. मी वरच्या मजल्यावर, भलत्याच वर्गाच्या दाराशी, कुणा दुसऱ्याच मुलीची बॅग मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

मॅडमनी मला आपादमस्तक न्याहाळलं, निकिताच्या पाठीवर थाप मारली आणि तिथंच तिचा प्रवेश पक्का केला.