बाभळीची खुंटी आणि मानाची जागा

एका जंगलात, मुलांनो, पाच ट्रक होते. जंगलात ट्रक कुठून आले, असे विचारू नका. ज्या जंगलात सिंह राज्य करतो आणि बगळा चौकशी करतो, तिथे ट्रक असणे ही त्यातल्या त्यात पटण्याजोगी गोष्ट आहे.

हे ट्रक खाडीवरून मीठ भरत आणि डोंगरावरच्या राजधानीत नेत. अंतर दीडशे किलोमीटर. त्यातले नव्वद सपाटीचे, साठ घाटाचे. घाटात कोणाचाही ट्रक तासाला तीसच्या पुढे जात नसे. वळणांना कोणाच्या पराक्रमाशी देणेघेणे नव्हते. सपाटीवर मात्र सगळे नव्वदने सुटत. सकाळी सातला निघत आणि दहाला पोहोचत.

राजधानीचे गोदाम बाराला उघडे. मीठ उतरवणाऱ्या हत्तिणी बारापर्यंत नदीत डुंबत असत. हा नियम जुना होता आणि हत्तिणी मोठ्या होत्या. त्यामुळे तो बदलण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

गोदामाचे आवार म्हणजे एक अरुंद, बंद गल्ली होती. जो ट्रक पहिला येई, तो गल्लीच्या पार टोकाला, सिंहाच्या चबुतऱ्याला लागून उभा राही. ती मानाची जागा. त्या ट्रकवाल्याला झेंडूचा हार घालत. दुसरा त्याच्या मागे, तिसरा त्याच्या मागे. हत्तिणी गल्लीत मावत नसत. त्या बाहेर उभ्या राहत आणि जो ट्रक तोंडाशी असे, तो आधी रिकामा करत. एका ट्रकला एक तास लागे. शेवटी आलेला ट्रक एकला सुटे. पहिला आलेला पाचला.

तुमच्या हे लगेच लक्षात आले ना? जंगलात ते कोणाच्याही लक्षात आले नव्हते. सगळ्यांचे लक्ष हाराकडे होते.

हार बहुधा दणकोजीला मिळे. दणकोजी हा रानडुक्कर. तो दहाला पोहोचे, हार घालून घेई आणि सात तास चबुतऱ्याजवळ ऐटीत बसे. तीनच्या सुमारास भूक लागली की हारातला झेंडू खाई.

एके वर्षी करंजाला शेंगा कमी लागल्या. ट्रक करंजाच्या तेलावर चालत. रोज वीस डबे तेल कमी पडू लागले, म्हणजे बरोबर एका ट्रकच्या जाण्यायेण्यापुरते. सिंहाने जांभई देता देता फर्मान काढले: पंधरा दिवस पाहावे. जो ट्रक सर्वांत जास्त तेल पिईल, तो कायमचा बंद करावा.

सगळ्यांनी भागूजी अस्वलाकडे पाहिले. त्याचा ट्रक सर्वांत जुना. त्याचे नाव सारजा. इतरांना वीस डबे लागत, सारजेला एकवीस. भागूजी अठरा वर्षे तिच्या स्टिअरिंगमागे बसला होता. त्याला दुसरे काही येत नव्हते.

“सारजा गेली, तर मग मी कोण?” त्याने विचारले.

“अस्वल,” दणकोजी म्हणाला.

खाडीवर टिटवीबाई राहत. टाक्यांत काठी बुडवून तेल मोजणे हे त्यांचे काम. मोजणाऱ्यांना सहसा मित्र नसतात. त्यांनाही नव्हते. त्या भागूजीजवळ आल्या. त्यांच्या चोचीत बाभळीची एक खुंटी होती.

“भागूजी, ही अ‍ॅक्सिलरेटरच्या खाली ठोका. मग पाय कितीही दाबलात तरी ट्रक साठच्या पुढे जाणार नाही.”

“अहो बाई, आधीच मी म्हातारा, सारजा म्हातारी. त्यात तुम्ही खुंटी मारायला सांगता?”

“तेल कोण पितो, सांगा बरं.”

“सारजा पिते.”

“सारजा थोडंच पिते. बरंचसं वारा पितो. वेग दुप्पट केलात, तर समोरचा वारा दुप्पट नाही, चौपट जोराने आडवा येतो. त्याला बाजूला सारायला तुम्ही तेल जाळता. आणि तो सरून जातो कुठे? तुमच्या मागे. पुन्हा जागच्या जागी.”

भागूजीने बराच वेळ डोके खाजवले. अस्वलांच्या बाबतीत त्याचा अर्थ विचार चालू आहे असाच होतो, असे नाही. पण या वेळी तो होता.

“उशीर किती होईल?”

“सपाटीवर एका तासाऐवजी दीड तास. घाटात तेवढाच वेळ. साडेदहाला पोहोचाल. हत्तिणी बाराला येतात. म्हणजे दणकोजी सात तास थांबतो, तुम्ही अडीच तास थांबाल. पाचही ट्रकांनी खुंटी लावली, तर रोज एकवीस डबे वाचतील. कमी पडतात वीस. कोणताच ट्रक बंद करावा लागणार नाही.”

“हे तुम्ही बाकीच्यांना सांगितलंत?”

“सांगितलं. दणकोजी म्हणाले, खुंटी म्हशीच्या दावणीला ठोका.”

भागूजीने खुंटी ठोकली.

पहिल्या दिवशी तो साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी पोहोचला, तेव्हा बाकीचे चौघे अर्धा तास त्याची वाट पाहत होते. टिंगल करायची म्हणजे समोर कोणीतरी लागतेच.

“काय रे म्हाताऱ्या, ढकलत आणलास काय?”

“वाटेत गोगलगाईला साइड दिलीस की नाही?”

बाराला हत्तिणी आल्या. एकला सारजा रिकामी झाली. साडेचारला भागूजी खाडीवर पोहोचून आंघोळ करत होता. पाचला दुसरा ट्रक आला, सहाला तिसरा, सातला चौथा. आठला दणकोजी आला. त्याच्या गळ्यात नुसता दोरा उरला होता.

टिटवीबाईंनी काठी बुडवली. सारजा: सोळा डबे. बाकीचे: वीस, वीस, वीस आणि हारासाठी जोर लावलेला दणकोजी एकवीस.

असे चौदा दिवस चालले. आता सर्वांत जास्त तेल पिणारा ट्रक कोणाचा, हे दणकोजीला मोजता येत नसले तरी कळत होते. पंधराव्या दिवशी त्याने तक्रार केली. चौकशी समितीवर बगळेसाहेब बसले. एका पायावर बसले; त्यामुळे ते फार विचारी दिसत.

“भागूजी, तुम्ही रोज सर्वांत आधी घरी पोहोचता, हे खरे?”

“खरं, साहेब.”

“जो सर्वांत आधी पोहोचतो, तो सर्वांत वेगाने जातो. अतिवेगाचा आरोप सिद्ध झाला.”

“साहेब, माझ्या ट्रकला खुंटी आहे. साठच्या वर जातच नाही.”

“खुंटी? म्हणजे यंत्रात फेरफार. तोही सिद्ध झाला. आता तेल. इतरांना वीस डबे लागतात, तुम्हाला सोळा. याचा अर्थ तुम्ही राजधानीपर्यंत जातच नाही. अर्ध्या वाटेवरून परत येता.”

टिटवीबाईंना राहवले नाही. “पण साहेब, मीठ तर रोज उतरतं! आणि जो राजधानीपर्यंत गेलाच नाही, त्याने अतिवेग केला तरी कुठे?”

“बाई, आरोप एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे समितीकडे नाही,” बगळेसाहेब सौम्यपणे म्हणाले. “समितीकडे ते सिद्ध करणे आहे.”

“एकदा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पाहा. शेवटी येणारा आधी सुटतो.”

“असे असते, तर सगळेच शेवटी आले नसते का? इतके ट्रकवाले मूर्ख आहेत, असे तुम्हाला म्हणायचे आहे?”

टिटवीबाईंना नेमके तेच म्हणायचे होते. पण त्या काटेकोर होत्या. सगळे मूर्ख आहेत हे त्यांनी मोजलेले नव्हते.

सारजा बंद झाली. तिच्या बॉनेटवर आता कोंबड्या बसतात. खुंटी काढून चबुतऱ्यावर टांगली: ‘गुन्ह्याचे साधन’. तिला दर सोमवारी हार घालतात, कारण चबुतऱ्यावर जे असेल त्याला हार घालायचा असा रिवाज आहे.

सारजेचे मीठ उरलेल्या चौघांवर आले. जास्तीची खेप साधावी म्हणून ते शंभरने धावू लागले. दहाला पाच कमी असताना ते पोहोचतात आणि हत्तिणींची वाट पाहतात. तेल पुन्हा वीस डबे कमी पडते आहे. आणखी एक ट्रक बंद करायचा विचार चालू आहे.

आणि भागूजी? त्याच्याकडे पाठ होती. तो मिठाचे एक पोते पाठीवर घेतो आणि पायवाटेने निघतो. तिसऱ्या दिवशी बाराला राजधानीत येतो, सगळ्यांच्या शेवटी, गल्लीच्या तोंडाशी. हत्तीण सोंडेने त्याचे पोते उचलते. पाच मिनिटांत तो मोकळा होतो आणि चालू लागतो. आत चार ट्रक उभे असतात. टोकाला दणकोजी झेंडू चघळत असतो.

परवा निघताना बगळेसाहेबांनी त्याला गोदामाच्या फाटकाशी थांबवले. खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

“फार लवकर निघालात,” ते म्हणाले. “वेग किती होता?”

तात्पर्य: मुलांनो, तेल अवश्य वाचवा, मात्र ते वाचले आहे हे कोणाला कळू देऊ नका. आणि चुकून लवकर घरी आलात, तर हार घातलेला येईपर्यंत बाहेरच थांबा.