रवळू मिस्त्रीची नळी

आमच्या पार्सल ऑफिसातली जळमटं काढायला बंदी होती. बंदी रेल्वेची नव्हती, रवळू मिस्त्रींची होती. झाडूवाली बाई केरसुणी वर करायची आणि मिस्त्री बाहेरच्या बाकावरून ओरडायचे, "अक्का, त्या कोपऱ्याला हात लावू नगासा! तिथं माझं सामान हाय!"

सामान म्हणजे कोळी. बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीत नेम धरायला एक बारीक फुली असते आणि ती कोळ्याच्या तंतूची करतात, हे मला कॅसलरॉकला बदली होऊन येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मिस्त्रींच्या मते रानातल्या कोळ्याचा तंतू जाड पडतो, घरातल्याचा लोंबतो. पार्सल ऑफिसातला तेवढा इंजिनाचा धूर खाऊन कडक झालेला असतो. त्यामुळे माझ्या डोक्यावर सहा-सात कोळी सरकारी इतमामात नांदत होते आणि त्यांच्याखाली बसून मी पावत्या फाडत होतो.

मिस्त्री लढाईत बसऱ्याला पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायला होते. लढाई संपली, मिस्त्री डाव्या कानानं बहिरे होऊन घरी आले, पण हात शाबूत होते. बेळगावच्या छावणीतल्या एका कॅप्टनला लांब पल्ल्याच्या निशाणबाजीचं वेड होतं. तो नव्या-जुन्या दुर्बिणी जमवायचा आणि दोन-दोन करून गाडीनं मिस्त्रींकडे पाठवायचा. दोहोंतली सरस कुठली ते मिस्त्रींनी ठरवायचं. रायफल जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांच्या कपाटात असे, ती सही करून न्यायची. दुर्बीण हा शब्द मिस्त्रींनी कधी वापरला नाही. ते म्हणत 'नळी'. आणि दिवसातून चारदा तरी म्हणत, "नळी खोटं बोलत न्हाई बाबू, डोळा बोलतो."

परीक्षा मोठी कडक असे. स्टेशनामागच्या घळीत सहाशे पावलांवर एक चुना फासलेला कातळ होता. त्यावर मी दिलेलं जुनं वेळापत्रक चिकटवायचं. पाच गोळ्या झाडायच्या, नळी काढायची, पुन्हा बसवायची, पुन्हा पाच. भोकं एकमेकांशेजारी पडली तर नळी घरंदाज. नळी काढून बसवल्यावर गोळी भलतीकडे गेली तर तिचं नाव 'माहेरवाशीण', कारण जाऊन आली की तिचा नूर बदलतो. मग तिला दिवसभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं. आत वाफ धरली तर ती 'सर्दीची'. सर्दीच्या नळीला घरातल्या भाताच्या कणगीत दोन दिवस पुरून वाळवत. एकदा त्यांनी कणगीतून भात काढताना चुकून नळीही मापट्यात घेतली आणि गिरणीच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेवरून पळत आले, तेव्हा त्यांची चर्या एखादं लेकरू जत्रेत हरवल्यासारखी झाली होती.

मिस्त्रींच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण होता. तो लढाईतला असणार अशी माझी समजूत होती. एका सुट्टीच्या दिवशी मी घळीत गेलो आणि मला एक बार काढू द्या म्हणून हट्ट धरला. त्यांनी सांगितलं होतं की डोळा चार बोटं लांब ठेवा. मी चांगलं दिसावं म्हणून डोळा नळीला चिकटवला आणि चाप ओढला. बंदुकीनं मागे धक्का दिला, नळीची कड भुवईत घुसली आणि मी रक्तबंबाळ होऊन बसलो. मिस्त्रींनी दगडीपाल्याचा रस पिळला आणि स्वतःच्या भुवईवरच्या चंद्रकोरीला बोट लावून म्हणाले, "नळीनं मुका घेतला. आता तुमी आमच्यातले."

ती खूण अजून माझ्या भुवईवर आहे. आरशात बघताना ती दिसते आणि पुढचं सगळं आठवतं, म्हणून मी आरशात फार वेळ बघत नाही.

शेवटची परीक्षा उजेडाची. तिला बंदूक लागत नसे. क्वार्टर्समागच्या टेकडीवर मिस्त्री सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन बसत. समोर दरी, दरीत ओढा, ओढ्यापलीकडच्या उतारावर चार घरांची पल्याडवाडी. हवेतून मोजलं तर दीडेक मैल. पायी मात्र दरी उतरून चढायला अर्धा दिवस, आणि पावसाळ्यात ओढ्यावरचा बांबूचा साकव वाहून गेला की दसऱ्यापर्यंत हा जवळचा रस्ता बंद. वाडीतल्या शेवटच्या घराच्या अंगणात वाळत घालायची दोरी होती. त्या दोरीवरची धुणी कुठल्या नळीतून किती दिसतात, यावर मिस्त्री निकाल देत.

"ही जर्मन लुटीतली. लुगडं दिसतंय, पण काठ दिसत न्हाई."

"आणि विलायतेची?"

"काठ दिसतोय. पण दिवस कलला की लाल आणि तपकिरी एकच. कामाची न्हाई."

"मिस्त्री, निशाणबाजीच्या शर्यतीत कॅप्टन काय लुगड्यांवर गोळ्या झाडणार आहे?"

"तुमाला कळायचं न्हाई ते."

स्टेशनमास्तर म्हणायचे, म्हाताऱ्याला या वयात बायकांची लुगडी बघायचा नाद लागलाय. मी हसायचो. एकदा तर मी त्यांना तोंडावर विचारलं, "मिस्त्री, धोब्याचा धंदा काढताय का?" ते नळी धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

त्या शेवटच्या घरात त्यांची एकुलती लेक पारू दिलेली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. पण मिस्त्रींना रीत पुरेशी वाटली नाही. लग्नात मानपानावरून व्याह्याशी बोलाचाली झाली, तेव्हा ते पाच माणसांत म्हणून बसले, "पाळणा हलल्याबिगर तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई!" पुढे सात वर्षं पाळणा हलला नाही. दरम्यान मिस्त्रींची बायको वारली. बाईमाणूस नसलेल्या घरात माहेरपण कुठलं, आणि रिकाम्या ओटीनं यायची पारूलाही लाज. बापलेकीनं सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. लोक मिस्त्रींना दगड म्हणायचे. मीही म्हणायचो. दोरी कुणाच्या अंगणातली, लुगडी कुणाची, हे दोनात दोन मिळवण्याइतकं सोपं होतं, पण मी पावत्यांच्या बेरजा करणारा माणूस आणि मला ही बेरीज काही जमली नाही.

त्या वर्षी शिमग्यानंतर दोन नळ्या आल्या. चैत्र गेला, वैशाख गेला, निकाल लागेना. कॅप्टनची पत्रं येऊ लागली. मिस्त्रींचं एकच उत्तर, "अजून एक गोष्ट बघायची ऱ्हायलीया." शेवटी स्टेशनमास्तरांच्या नावानं तार आली आणि त्यांनी मला चारचौघांत झापलं, कारण नळ्या माझ्या ऑफिसातून येत-जात होत्या. मी तणतणत मिस्त्रींच्या घरी गेलो. ते तापानं फणफणून पडले होते. नळ्यांची पेटी उशाशी होती. उघडली तर आत मिस्त्रींच्या हाताची चिठ्ठी: 'विलायतेची सरस. जर्मनची फुली ढिली.' खाली तारीख होती, नळ्या आल्या त्यानंतर आठव्या दिवसाची.

माझं डोकं फिरलं. निकाल कधीच लागलेला होता आणि हा माणूस अडीच महिने आम्हा सगळ्यांना खेळवत होता! मी तिथंच पेटी बांधली, लाखेचं सील मारलं आणि सकाळच्या गाडीनं रवाना केली. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी मिस्त्री काठी टेकत ऑफिसात आले.

"बाबू, पेटी?"

"पाठवली. चिठ्ठीसकट."

"दोनी बी?"

"दोन्ही."

ते बाकावर बसले. आढ्यातल्या कोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंसा," आणि उठून गेले.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते इथंच सांगून टाकतो. पारूला दिवस गेले होते. माघात वाडीच्या माणसाबरोबर तिनं निरोप धाडला होता, आणि मिस्त्रींनी उलट निरोप दिला होता की भर पावसात साकव नसताना निरोपाला माणूस कोण धाडणार, तर पाळणा हलला की दोरीवर लाल दुपटं घाल, मी इथनं बघतो आणि उघडीप मिळाली की वरच्या खिंडीच्या लांबच्या वाटेनं येतो. सात वर्षांचा शब्द त्या दुपट्यावर सुटायचा होता. नळी त्यांनी त्याच्यासाठी अडवून धरली होती आणि मी ती सील मारून पाठवून दिली.

मला एक शब्द जरी बोलले असते! पण नाही बोलले. कॅप्टननं उशिरावर रागावून पुढचं काम दुसऱ्या कुणाला दिलं, तेव्हाही नाही. फक्त पाऊस लागल्यावर एका सकाळी माझ्या दारात घोंगडीची खोळ घेऊन उभे राहिले. "चला टेकडीवर. तुमचे डोळे कसे हायत बघतो."

"माझे डोळे?"

"तरणे हायत. परीक्षा घ्याया पायजे."

मला गंमत वाटली. नळ्या गेल्या म्हणून म्हातारा माणसांच्या परीक्षा घेतोय! धुकं जरा फाकलं की ते माझं डोकं दोन्ही हातांनी धरून, नळी फिरवावी तसं पल्याडवाडीकडे फिरवत.

"दोरी दिसती?"

"घर दिसतंय. दोरी नाही."

"काय लाल दिसतं?"

"नाही."

"नीट बघा. घाई करू नगासा."

"नाही हो, मिस्त्री. काही नाही."

"तुमची नळी मंद हाय," ते म्हणत. "वाफ धरलीया." मी मोठ्यानं हसायचो. हे आषाढभर चाललं, श्रावणभर चाललं. उघडीप मिळाली की ते दारात हजर. मी कधी अंथरुणातून उठायचा कंटाळा केला, कधी न बघताच 'नाही' म्हणून टाकलं. आज मला त्या न बघता म्हटलेल्या 'नाही'चीच सगळ्यात जास्त लाज वाटते. एकदा मी विचारलं, "एक साधी दुर्बीण का घेत नाही विकत? स्वतःची?" ते म्हणाले, "लेकीच्या घराकडं दुर्बीण लावून बसलाय म्हणतील. काम करतोय म्हटलं की कोण काय म्हणत न्हाई." हे ऐकूनही मला काही कळलं नाही. आपण धोबी म्हणून त्यांची थट्टा केली होती एवढं मात्र आठवलं.

दसऱ्याच्या आधी चार दिवस साकव पुन्हा बांधला आणि पहिलाच माणूस आला तो पारूचा धाकटा दीर. हातात गुळाची ढेप. मिस्त्री माझ्याच ऑफिसाबाहेर बाकावर होते.

"मामा, आषाढातच झाली की. पोरगी हाय, ग्वाड हाय. तुमी का आला न्हाईसा?"

मिस्त्रींनी चांगला कान पुढे केला. "काय म्हणालास?"

"वयनी रोज दुपटं घालती दोरीवर. धो-धो पावसात बी. आई म्हणायची, येडी झालीस काय, पावसात कुणी वाळत घालतंय? तर म्हणायची, वाळवाया न्हाई, अप्पा बघत्यात."

मी पावती फाडायची थांबलो. दुपटं कशाला, कोण बघतंय, ते सगळं मी त्या मुलाकडूनच तिथं उभ्या उभ्या ऐकलं. मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते. गुळाचा खडा हातात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर निघालो. ते नको म्हणाले नाहीत. वाटेत त्यांची गुळाची आणि कुंची-टोपड्याची पिशवी मी घेतली, कारण दुसरं काय घेणार होतो? मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "वाट बघून चला, निसरडं हाय."

अंगणात दोरीवर ते दुपटं होतं. तीन महिने पावसानं धुऊन त्याचा लाल रंग कधीच गेला होता, मळकट गुलाबी झालं होतं. मिस्त्री आधी त्याच्याशी थांबले. बोटांनी त्याचा काठ चाचपून बघितला. मग पायांवर पाणी घेतलं, उंबरा ओलांडला आणि लेकीनं पुढे केलेला तांब्या उभ्यानंच रिकामा केला.

पारूनं मूल त्यांच्या मांडीवर दिलं. ती रडत होती आणि रागावलेलीही होती. "अप्पा, रोज घातलं की मी. एक दिस चुकवलं न्हाई. बघितलंसा न्हाई? तीन म्हयनं मला वाटलं, पोरगी झाली म्हणून येत न्हाईत."

मी दारात पिशवी घेऊन उभा होतो. आता सांगायलाच हवं होतं. मी बोलायला पाऊल पुढे टाकलं.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. नातीची मूठ त्यांच्या भुवईवरच्या चंद्रकोरीशी चाळा करत होती.

"रोज बघत हुतो पोरी," ते म्हणाले. "नळीच खोटी निघाली."