धर्मराजांच्या गाडीचा उष्टा धूर

धर्मराज तांब्यांना चिडायला एरवी कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण होतं, आणि ते चांगलं बोल्टांनी आवळून इंजिनावर बसवलेलं होतं.

गाडी जपानी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर लावणारी. अंबरनाथच्या ज्या कंपनीत धर्मराज हेडक्लार्क होते तिथं नवी यंत्रं बसवायला एक जपानी साहेब आला होता. तो मायदेशी जाताना गाडी इथंच सोडून गेला. कंपनीनं स्टाफमध्ये चिठ्ठ्या टाकल्या आणि नशिबानं चिठ्ठी धर्मराजांची निघाली. (तोवर त्यांनी सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं, आणि सायकलही उतारावर ते हातात धरूनच नेत.) वर्षभरात ते गाडी शिकले आणि गाडी त्यांना शिकली. एकच खोड राहिली होती. गाडी काळा धूर ओकायची. चिखलोलीच्या चढाला लागली की मागचा रस्ता दिसेनासा व्हायचा.

आणि आता तीच गाडी नवरदेवाची व्हायची होती. अंजनाचे, म्हणजे धर्मराजांच्या बायकोचे थोरले भाऊ हिंदुराव बदलापूरला असत. त्यांच्या मुलाचं, हरिचंद्राचं, लग्न ठरलं होतं आणि वरात बदलापूरहून उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या हॉलवर जायची होती. सोयरिकीच्या चौदा वर्षांत हिंदुरावांनी धर्मराजांकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. तेही अटीवर.

"दाजी, लग्न आपल्या पद्धतीचं आहे. नवरा-नवरी, वऱ्हाडी, सगळे पांढऱ्यात," हिंदुराव म्हणाले होते. "पोरगं पांढरं निघालं तर पांढरं पोचलं पाहिजे. धूर थांबणार असेल तर बोला, नाहीतर मी अँबेसिडर सांगून ठेवतो."

"अँबेसिडर?" धर्मराज उसळले होते. "घरची गाडी असताना भाड्याची? हिंदुरावदादा, धुराची रेघ दिसली तर नाव लावणार नाही!"

म्हणून ते उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये झामनदासच्या गॅरेजात बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. झामनदासनं एका वाकड्या नळीवर पान्हा वाजवला.

"ये पाइप देखा, साईं? सायलेन्सरकडे जानेवाला धूर. थोडासा इकडून वापस इंजिनमध्ये."

"वापस म्हणजे?"

"वापस मतलब वापस. इंजिन अपनाच धूर थोडा पिऊन घेतो. आग थंडी राहते, हवा में जहर कम जातं. जपानवालों का दिमाग आहे."

धर्मराजांनी डोकं वर काढलं ते बॉनेटवर आपटून.

"म्हणजे एकदा टाकलेलं परत तोंडात? उष्टं?"

"ऐसाच समझो."

"अहो, छप्पन साली धम्म घेतला आणि आमच्या आज्यानं गावचं उष्टं लाथाडलं! भाकरीचा तुकडा म्हणून घेतला नाही पुन्हा कुणाच्या ओसरीवरचा. आणि त्याच्या नातवाची गाडी उष्टं पिणार? माझ्या दारात उभी राहून? काढ. आत्ताच्या आत्ता काढ हे!"

झामनदासनं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण नळीचा अपमान मनाला लावून घेणारं हे पहिलंच. तो शांतपणे म्हणाला, "काढता येतं. दोन्ही भोकांवर जाड लोखंडाची पट्टी, खाली फट बुजवायला गॅस्केट, बस. पण पहले खोलके देखना पडेगा, धूर इसीसे येतोय की और कशाने. आज मी निघालो पिंपरीला, भतीजे की शादी. आठ दिन रुको."

आठ दिवस! लग्न पुढच्या रविवारी आणि हा माणूस भाच्या-पुतण्यांची लग्नं करत फिरणार! धर्मराज तणतणत घरी आले. स्वतःच्या गाडीची अब्रू स्वतः राखायची, त्याला मिस्त्री कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांच्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं याच वाक्यापासून सुरू झालेली होती.

रविवारी दुपारी अंजना बहिणीकडे गेली होती. धर्मराजांनी नळी सोडवली, नळीच्या टोकाचं डबीएवढं यंत्र सोडवलं आणि इंजिनाला दोन भोकं उघडी पाडली. इथवर काम झकास झालं. आता पट्ट्या. जाड लोखंड घरात नव्हतं. पत्र्याचा डबा मऊ वाटला. मग त्यांची नजर फडताळातल्या स्टीलच्या ताटांवर गेली. सहा होती. एकसारखी. सहांतलं एक गेलं तर कुणाला कळतंय!

शेजारच्या नाथाकडे पत्रा कापायची कातर होती. नाथा कूलरच्या कारखान्यात कामाला. तो घरी नव्हता, म्हणून त्याच्या बायकोनं, रखमानं, कातर काढून दिली. धर्मराजांनी ताटाच्या बुडाचे दोन तुकडे कापले, खिळा ठोकून भोकं पाडली (गोल पडली नाहीत, पण पडली), गुळगुळीत बाजू आत ठेवून बोल्ट आवळले आणि उरलेला काठ भंगाराच्या पोत्यात टाकला. गॅस्केट म्हणजे काय हे नक्की ठाऊक नसल्यामुळे त्याची उणीव त्यांना भासली नाही.

संध्याकाळी अंजना आल्यावर त्यांनी तिला पांढरा रुमाल घेऊन सायलेन्सरच्या मागं उभं केलं आणि गाडी सुरू केली. रुमाल पांढराच राहिला.

"बघ!" धर्मराज ओरडले. "जपान्याला जमलं नाही ते मी करून दाखवलं!"

मागून येणारा धूर खरोखरच कमी झाला होता. जो कमी झाला तो कुठं गेला, हा प्रश्न त्या माउलीलाही पडला नाही. धर्मराजांनी लगेच गाडी धुतली, वर चादर टाकली आणि लग्नापर्यंत तिला हात लावायचा नाही असा हुकूम सोडला.

भानगड उपटली ती बुधवारी. अंजना लग्नासाठी भांडी काढायला बसली.

"अहो, ताटं पाचच आहेत."

"पाचच असतील."

"पाचच कशी असतील? माझ्या लग्नात दादानं दिलेली ताटं ती! सहाही ताटांच्या खाली नाव घातलंय. परवा दादा जेवायला येईल, त्याच ताटात वाढते मी त्याला दर वेळी."

धर्मराजांना रविवार आठवला. कापताना ताटाखाली काही कोरलेलं दिसलं होतं खरं. पण त्यांना ते कारखान्याचं नाव वाटलं होतं. चौदा वर्षं त्या ताटांत जेवून त्यांनी एकदाही ताट उलटं करून वाचलं नव्हतं. त्याच घटकेला खरं सांगून टाकलं असतं तर चार शब्द ऐकून सुटले असते. पण चूक कबूल करायची म्हटलं की त्यांना आधी समोरच्याचाच राग येई.

"शेजारीपाजारी भांडी नेतात," ते म्हणाले, "कुणाचं लक्ष असतं का घरात?"

नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. गेल्या महिन्यात नातवाच्या बारशाला भांडी नेली होती ती फक्त रखमानं. अंजना तरातरा पलीकडे गेली आणि पाच मिनिटांत दोन्ही घरांचा आवाज हायवेपर्यंत जाऊ लागला.

"मी ताट घेन? मी?" रखमा कंबरेवर हात ठेवून विचारत होती. "सा नेली, सा मोजून दिली! आमच्या घरात का ताटांना दुष्काळ परलाय?"

"मग ते चालत गेलं का?"

"तुमच्या मालकाला इचारा! माज्याकरना कातर नेली व्हती रविवारी, ती काय नखं कापाला?"

अंजना रागाच्या भरात होती, तिनं ते वाक्य ऐकलंच नाही. धर्मराजांनी मात्र ऐकलं. ते न्हाणीघरात जाऊन बसले आणि रखमाला बोलायची पद्धत नाही, असं स्वतःला सांगत बराच वेळ संतापत राहिले. खरं तर त्यांना लाज वाटत होती. चांगली कानापर्यंत. पण ती त्यांनी कुणाला दिसू दिली नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी झेंडूच्या माळांनी सजली. नवरदेव हरिचंद्र पांढराशुभ्र कुडता-पायजमा घालून पुढं बसला, मागं हिंदुराव, त्यांच्या पत्नी आणि अंजना, तिघंही पांढऱ्यात. वऱ्हाड मागच्या टेंपोत. टेंपोत नाथाही होता. रखमा आली नव्हती. नाथा मात्र आला. "भांडान बायकांचा, लगीन पोराचा," एवढंच तो म्हणाला होता, आणि नवाकोरा पांढरा सदरा-पायजमा घालून आला होता.

बदलापूर सोडलं. धर्मराज समोर कमी आणि आरशात जास्त बघत होते. मागं धुराची रेघ नव्हती.

"हिंदुरावदादा, मागं बघा जरा! आहे धूर?"

"नाही बुवा," हिंदुराव म्हणाले. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

अंबरनाथच्या अलीकडे गाडीत वास आला. अंजनानं नाकाला पदर लावला. "अहो, कसला वास हा?"

"कंपन्या!" धर्मराज कडाडले. "रविवारी इन्स्पेक्टर नसतो, म्हणून सोडतात हरामखोर! माणसं राहतात इथं, ह्यांना आहे का काही? काचा वर करा सगळ्यांनी!"

त्या भागात कुणीही हेच केलं असतं. वास आला की कंपनी आणि कंपनी आली की काचा वर, हे तिथल्या माणसांच्या हाताला लागलेलं वळण. सगळ्यांनी काचा गच्च लावल्या. वास वाढला. धर्मराजांनी कंपन्यांवरून म्युनिसिपालिटीवर आणि म्युनिसिपालिटीवरून दिल्लीवर तोंडसुख घेतलं. हरिचंद्र खोकायला लागला. समोरच्या हवेच्या जाळीतून काहीतरी भुरभुर येत होतं, ते त्याला आधी झेंडूचा चुरा वाटलं. मग त्यानं कुडत्यावरून हात फिरवला आणि छातीवर काळ्या बोटांचे चार पट्टे उमटले.

"आतोबा," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "हे कंपनीचं नाही. हे आपल्यातूनच येतंय."

तेवढ्यात इंजिनातून फट् असा आवाज झाला आणि पुढची काच काळवंडली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. दारं उघडून पाच माणसं खोकत बाहेर पडली. पांढरी निघालेली होती, राखाडी उतरली. झेंडूसुद्धा काळा पडला होता.

हिंदुरावांनी स्वतः बॉनेट उघडलं. धूर ओसरल्यावर ते वाकले, आणखी वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"दाजी," ते अगदी सावकाश म्हणाले, "इंजिनावर माझं नाव कसं?"

एका बोल्टापासून दुसऱ्या बोल्टापर्यंत, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, स्पष्ट लिहिलेलं होतं: हिंदुराव यांजकडून. दुसरा तुकडा, ज्यावर 'सप्रेम भेट' होतं, तो मधोमध फाटून लोंबत होता. सगळी काजळी त्या सप्रेम भेटीतूनच आली होती.

अंजनानं वाचलं. ती ओरडली नाही. ती इतकी हळू बोलली की धर्मराजांना रस्त्यात बसावंसं वाटलं.

"त्या बाईला मी चोर म्हणाले. चारचौघांत. आणि तुम्ही ऐकत बसलात."

 धर्मराजांना आता रागवायलाही समोर कुणी उरलं नव्हतं.

मागून टेंपो येऊन थांबला. नाथानं नवरदेवाकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, त्या तुकड्याकडे पाहिलं. पत्र्याच्या धंद्यातला माणूस, त्याला आणखी सांगावं लागलं नाही. त्यानं टेंपोआड जाऊन सदरा-पायजमा उतरवला आणि हरिचंद्राला दिला. "घाल पोरा. येल व्हईल." स्वतः त्यानं हरिचंद्राचा काळा कुडता चढवला. जाता जाता धर्मराजांना म्हणाला, "तांबेसाहेब, कातर ठेवा तुमच्याकरंच. लागंल."

बाकी सगळे टेंपोनं गेले, बुद्धवंदना वेळेवर झाली, लग्न वेळेवर लागलं, नवरदेव पांढरा होता. धर्मराजांनी त्यातलं काही पाहिलं नाही. ते गाडीशेजारी दगडावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रखमाच्या दारात गेले आणि सगळं खरं सांगून माफी मागितली. अंजना मागं उभी राहून ऐकत होती, एखादा शब्द गळला तर आठवण करून द्यायला. रखमा त्यांना बसा म्हणाली नाही, पण चहा दिला. तो त्यांनी उभ्यानं प्यायला.

तिथून दोघं झामनदासकडे गेली. गाडी ओढून आणलेली होती आणि झामनदास पिंपरीहून परतला होता. धर्मराजांनी सोडवून सोबत आणलेलं ते डबीएवढं यंत्र त्यानं उलटंसुलटं केलं, त्याची बारीक रबरी नळी ओढली आणि तिच्यात बुचासारखा खुपसलेला एक स्क्रू बाहेर काढला.

"साईं, ये तो बंदच होता. उस जपानी साहब ने खुद बंद केला. आतून गंजला पण आहे, पाच-सहा साल तरी. और धूर येत होता तो एअर फिल्टर से. ये देखो, अंदर गवत वाढायचं बाकी राहिलंय."

"म्हणजे?" धर्मराजांनी विचारलं.

"मतलब तुम्हारी गाडीने एक घोट भी अपना धूर नहीं पिया. कभी नहीं."

अंजनानं नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? गाडीनं उष्टं घेतलंच नव्हतं."

झामनदासनं फडक्याला हात पुसले. "पिया तो कल तुम लोगों ने पिया, साईं. काचा बंद करून."

धर्मराजांचं रक्त उसळलं. असं बंद केलेलं यंत्र गाडीवर तसंच ठेवून जाणाऱ्या जपान्याला चांगलं खरमरीत काहीतरी सुनावायचं म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पाच मिनिटं नुसते खोकत राहिले.