स्वयंपाकघर : एकास बारा

"फोटोत पट्टी ठेवायची नाही म्हणजे नाही!" मिलिमीटरकाकांनी ठणकावून सांगितलं.

आता मंडळी, हे काका म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर नकाशे काढले. खिळा ठोकायचा तरी आधी तीनदा मोजणार, म्हणून सगळी इमारत त्यांना मिलिमीटरकाका म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाच महिने खपून एक स्वयंपाकघर बनवलं होतं. एकास बारा स्केलचं! म्हणजे खऱ्या घरात जिथे फूट, तिथे यांच्याकडे इंच. ओटा, कपाटं, सात ड्रॉवर, नळ, सगळं मिळून टेबलाच्या कोपऱ्यात मावायचं.

"अहो, शेजारी पट्टी नाहीतर काडेपेटी ठेवा की," काकू म्हणाल्या. "लोकांना आकार कसा कळणार?"

"कळूच नये! त्यातच तर खरी कारागिरी!"

काकांनी कॅमेरा ओट्याच्या उंचीला आणला, खिडकीतला उजेड तिरपा घेतला आणि असा फोटो काढला की बघणाऱ्याने चपला बाहेर काढून आत जावं. घरच्यांच्या ग्रुपवर तो टाकला आणि खाली ऐटीत लिहिलं, "अखेर पूर्ण!"

दोन मिनिटांत काकूंचा फोन वाजला. थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा.

"अगं, नवीन स्वयंपाकघर केलंस आणि मला पत्ताही नाही?"

काकूंनी काकांकडे पाठ फिरवली आणि त्या म्हणाल्या, "हो... परवाच झालं!"

फोन ठेवताच काका उडालेच! "अगं, हे काय बोललीस?"

"तीस वर्षं ताईचे पडदे, ताईच्या फरशा, ताईची कपाटं ऐकून घेतेय मी!" काकू म्हणाल्या. "एकदा तरी मलाही मिरवू दे की!"

खरं सांगायचं तर काकांना मनातून गुदगुल्याच होत होत्या. आपलं काम ताईंना खरं वाटलं! पण ताई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. लगेच निरोप आला, "तू ओट्याशी उभी राहून फोटो पाठव. किती मोठं आहे ते कळू दे."

काकूंचा चेहरा उतरला. काकांचा मात्र उजळला.

"घाबरू नकोस! कॅमेऱ्यापासून ओटा दोन फुटांवर. तू त्याच्या बारा पट लांब, म्हणजे चोवीस फुटांवर उभी राहा. फोटोत अगदी ओट्याला लागून दिसशील. या छोट्या स्वयंपाकघराची मागची भिंत काढली की झालं!"

खोलीत चोवीस फूट कुठले? वरात निघाली बाहेरच्या पॅसेजमध्ये. या टोकाला स्टुलावर स्वयंपाकघर, त्यापुढे काका गुडघे टेकून वाकलेले. त्या टोकाला, शेजाऱ्यांच्या दाराशी, हातात कालथा घेऊन काकू!

"परत परत!" काका ओरडले. "भाजी परत!"

काकू हवेत कालथा फिरवू लागल्या. मागचं दार उघडलं, शेजारीणबाईंनी डोकावून पाहिलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं.

"जरा हस! अर्धं पाऊल मागे! आता हलू नकोस..."

पॅसेजच्या मध्यावर लिफ्टचं दार उघडलं. बहिणीला चकित करायला, हातात बरण्यांचा नवा संच घेऊन, ताई बाहेर आल्या.

क्लिक!

फोटो अप्रतिम आला. ओट्यामागे हसतमुख काकू, आणि त्यांच्या शेजारी दुप्पट आकाराच्या अवाढव्य ताई. खांद्यापर्यंतच. डोकं काही स्वयंपाकघरात मावलं नव्हतं.

काकूंच्या हातातला कालथा खाली आला, डोळे भरून आले. काका अंग झटकत उठले.

"ताई, चूक माझी. पट्टी ठेवायला हवी होती."

ताई स्टुलापाशी आल्या. वाकल्या, चष्मा सावरला आणि करंगळीच्या नखाने एक इवलासा ड्रॉवर ओढला. तो सुर्रकन उघडला!

"अगंबाई! हा उघडतो?"

"सातही उघडतात!" काकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं. "आणि आत चमचे आहेत!"

"अगं वेडे," ताईंनी बहिणीला जवळ घेतलं, "माझ्या घरातलं सगळं दुकानातून आणलेलं. असं स्वतःच्या हातचं कुणाकडे आहे? मला काय फसवतेस, हेच मिरव की!"

काकू रडता रडता हसल्या. काका तर जमिनीपासून चार बोटं वर चालत सगळ्यांना घेऊन आत आले. चहा ठेवला. ताई चमचा घ्यायला खऱ्या ओट्याकडे वळल्या आणि त्यांनी ड्रॉवर ओढला. त्याची पुढची फळी मुठीसकट हातात आली!

"जावईबापू, हे काय?"

"दोन वर्षं असंच आहे," काकू म्हणाल्या.

"दोनच तर स्क्रू आहेत! एवढं नाजूक काम करणाऱ्याला हे कितीसं? बसवा बघू आत्ता!"

काकांनी हौसेने आपली हत्यारांची पेटी आणली. उघडली. त्यातला सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर आगकाडीएवढा होता. काकांनी स्क्रूकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, आणि हळूच पेटी मिटली.

"ताई," ते घसा खाकरून म्हणाले, "सुतारालाच बोलवावं लागेल. एवढं अवाढव्य काम माझ्याच्यानं व्हायचं नाही!"