नामूभावजींचं यान

आमच्या शेजारच्या नामूभावजींनी एकदा अशा माणसाचं सुतक पाळलं, जो कधी जन्मालाच आला नव्हता. टीव्हीवरच्या अंतराळयानातला म्हातारा डॉक्टर मेला, तर यांनी दाढी केली नाही, देवाला फूल घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वैनी, इतकी वर्सं दर रविवारी घरात येत हुता की माणूस."

भावजींची गंगावेशीत पिठाची गिरणी. अंगावर कायम पीठ आणि बोलणं गिरणीच्या आवाजावर चढवलेलं, त्यामुळे त्यांचं गुपितसुद्धा गल्लीभर व्हायचं. बायको लवकर गेली. मंदा एकुलती एक, तिला त्यांनीच वेणीफणीसकट वाढवली.

नव्वदीत केबल आली ती मंदाच्या हट्टानं, आणि ती मालिकाही तिनंच लावली. एक यान आभाळात कुठल्या कुठं भरकटलेलं, त्यातली माणसं घरी परतायला निघालेली, एवढीच गोष्ट. हिंदीतून लागायची. बापलेक शेंगा फोडत बघायची. "थापा हायत सगळ्या," भावजी म्हणायचे, "पर बघायला लागतंय." तेवढा वेळ गिरणी बंद. आम्ही बायका दळणाचे डबे ओळीनं लावून त्यांच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, बसायचो, मग काय, आम्हीही बघायचो. यानातली माणसं गोळ्या गिळून भूक भागवायला लागली की भावजी हळहळायचे. "ह्यास्नी कुणी तांबडा रस्सा दावला न्हाय गा."

पुढं मंदानं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा बौद्ध समाजातला, कागलच्या एमआयडीसीत इंजिनियर, मोठा सालस. दोघं पाया पडायला दारात आली, तर भावजींनी आतून कडी घातली. पोरगी उन्हात उभी राहिली किती वेळ. मी दार वाजवलं, ओरडले, शेवटी दोघांना आमच्याकडे नेऊन पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि गेली.

त्यानंतर मालिका बिघडली. म्हणजे भावजींच्या मते हो. कप्तान बदलला होता हे खरं, गोष्टीला पाणी घातलं होतं हेही खरं. पण त्यांचा राग त्याच्याहून मोठा. पहिल्यासारखी राहिली नाही, नुसती लांबवतात, इतकी वर्षं चालून घर येत नाही म्हणजे काय, असा जप चालायचा. तोंडानं शिव्या आणि डोळे पडद्यावर. मी म्हटलं, मग बंद करा की. तर म्हणाले, "न्हाय वैनी. ती घरी पोचत्यात का, तेवढं बघायचंय."

एका रविवारी यानात जेवणं चालली होती. कुठल्याशा ग्रहावरचा हिरव्या कातडीचा खलाशी कप्तानाच्या शेजारी बसून त्याच्याच ताटात जेवत होता. भावजींना केवढं कौतुक. कोण कुठला, पण पंगतीला घेतलाय बघा, असं सगळ्यांना सांगायला लागले. माझ्या तोंडाला काही कुलूप नाही. मी म्हटलं, "भावजी, तुमचा जावई तर हिरवासुद्धा नाही."

ते उठले, गिरणीत गेले आणि पट्टा चालू केला. मालिका चालू असताना गिरणी सुरू झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

शेवटच्या भागाला सगळी गल्ली सोप्यात. यान पोचलं. दार उघडलं, लख्ख उजेड आला आणि तिथंच संपलं. बायका पदर सावरून उठल्या. भावजी हलेनात. "आन् फुडं? आत घेतलं का न्हाय त्यास्नी?" एवढंच विचारत राहिले.

चार दिवसांनी गिरणीला कुलूप दिसलं. भावजी इस्त्रीचं धोतर नेसून, हातात खपली गव्हाच्या पिठाची पिशवी घेऊन स्टँडकडे गेल्याचं कळलं. कागलची गाडी अर्ध्या तासात पोचवते, आणि यांना निघायला इतकी वर्षं लागली. मला इतका आनंद झाला की मी मंदासाठी लोणच्याची बरणीसुद्धा काढून ठेवली, पुढच्या वेळी देऊ म्हणून.

दिवेलागणीला आले. पिशवी तशीच भरलेली. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले, मी चहा ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका खाली होता की मला स्टो बंद करावा लागला.

"घर घावलं. मंदा आत भांडी घासत हुती, आवाज आला. दारात बारकी पोरगी खेळत हुती. मंदाचंच नाक."

"मग?"

"माज्याकडं बघून म्हनली, 'पावणं, कुणाकडं आलायसा?'"

भावजींनी पिशवीची गाठ उगीच सोडली, पुन्हा बांधली.

"कुणाकडं न्हाय, म्हनलं. आन् फिरलो."