काळी तार आणि सात वेढे

फारुकनं सेन्सरची काळी तार गाडीच्या कॉम्प्युटरकडं जाणाऱ्या तारेला जोडली आणि राखाडी तार निगेटिव्हला दिली, हे उत्तमराव सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फारुक! काळी म्हणजे निगेटिव्ह! हे शेंबड्या पोराला कळतं!"

"सर, ह्या सेन्सरमदी काळी तार खबर देती. निगेटिव्ह राखाडी हाय. आमी मीटर लावून पाह्यलं."

"मीटर? मला मीटर दाखवतो?"

राग येणारच! एकतीस वर्षं सरांनी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी हिंगोली जिल्ह्यातल्या निम्म्या घरांत पंखे फिरवले होते. त्यातलाच हा फारुक आता गोरेगावच्या स्टँडवर गॅरेज टाकून बसला होता आणि गुरूलाच रंग शिकवत होता.

सरांच्या जुन्या गाडीचा पिवळा दिवा महिनाभर पेटलेला होता. धुराच्या नळीत बसणारा आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर मेला होता. नवा मिळाला, पण त्याचा प्लग या गाडीत बसेना, म्हणून एकेक तार हातानं जोडणं आलं. आणि आज तर दम धरायची सोयच नव्हती. त्यांची लेक सपना हिच्या दुसऱ्या लेकराचं बारसं औंढ्याला बारा वाजता होतं. पहिल्या खेपेला सरांनी बाजारातला लोखंडी पाळणा दिला, तर विहीणबाई शकुंतलाबाईंनी तीन वर्षं येता-जाता सपनाला ऐकवलं. या खेपेला सागवानी पाळणा करवून घेतला होता. तो टपावर बांधलेला होता आणि बारसं त्याच्यावाचून अडलेलं होतं.

फारुकनं चावी फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. पिवळा दिवा गेला.

"गेली की वो लाइट," पुढच्या सीटवरून सरांच्या पत्नी सोजराबाई म्हणाल्या. "निघा आता."

"काकू, सरांना चहा पाजल्याबिगर आमी जाऊ देत नस्तो," म्हणून फारुक स्वतः समोरच्या हॉटेलात गेला. गुरूचा चहा शिष्यानं स्वतःच्या हातानं आणायचा, हा त्याचा नेम. त्या नेमानंच घात केला. त्याची पाठ वळली आणि सरांनी पक्कड उचलली.

"अवो, त्यानं केलं ना बराबर? काहून हात घालून राहिले?"

"तू गप बस. जळून जाईल गाडी!"

सरांनी दोन्ही जोड तोडले. काळी तार निगेटिव्हला दिली, राखाडी कॉम्प्युटरला. वर सात वेढ्यांचा आपला खास जॉइंट मारला, दोन्हीकडून आवळलेला, आणि टेप गुंडाळून बॉनेट लावलं. मग फारुकनं आणलेला चहा त्यांनी एखाद्याला मनातल्या मनात माफ केल्यासारखा प्यायला.

सेनगाव यायच्या आधीच पिवळा दिवा पुन्हा पेटला. मग पेट्रोलचा वास सुटला. मग गाडी गचके खाऊ लागली. मागून त्या रस्त्यावर प्रवासी वाहणाऱ्या भावसिंगची जीप आली आणि बरोबरीनं चालू लागली.

"सर, मागं पाहा! काळा धूर सोडून राहिली गाडी!"

दोन गचके, एक आचका, आणि गाडी तुरीच्या वावराशेजारी उभी राहिली ती राहिलीच. तेवढ्यात शकुंतलाबाईंचा फोन आला. "निघाले का? का पाळणा आमीच आणावा बाजारातून?"

सरांचं पित्त खवळलं. त्यांनी फारुकला फोन लावला. "हेच शिकवलं का मी तुला? सोन्यासारखी गाडी वाटोळी केलीस! ये इथं, आत्ता!"

अर्ध्या तासात फारुक मोटारसायकलवर आला. तोवर भावसिंगच्या जिपेतले दहा-बारा जण उतरून भोवती जमले होते आणि सर त्यांना आजकालच्या मेकॅनिकांवर व्याख्यान देत होते. पोरांना रंगसुद्धा ओळखता येत नाहीत, नुसते मीटर घेऊन हिंडतात, असा मुद्दा चालला होता.

फारुकनं बॉनेट उघडलं. टेप सोडली. जोडाकडं पाहिलं. मग सरांकडं पाहिलं. सर एकाएकी तुरीच्या शेंगा निरखू लागले.

"चूक आमची हाय, सर," फारुक खालच्या आवाजात म्हणाला.

"लेका, मास्तरचं नाव घालवलंस!" भावसिंग म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. सोजराबाईंनी तोंड उघडलं, पण सरांनी डोळे वटारले. सुटलो, असं सरांना वाटलं. थोडी लाजही वाटली, पण ती गिळता येण्याजोगी होती.

फारुकनं तेवढ्यावर थांबायचं होतं. पण लोकांना काहीतरी कारण द्यावं म्हणून तो बोलून गेला, "घाईत मारला हो. जॉइंट कच्चा राह्यला."

"कच्चा?" सर गर्रकन वळले.

"व्हय सर. ढिल्ला हाय."

"ढिल्ला? एकतीस वर्षांत माझा एक जॉइंट सुटला नाही, आणि ढिल्ला म्हणतोस? सात वेढे आहेत, सात! मोज! हा जॉइंट मी मारलाय, मी! ओढून दाखव!"

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. भावसिंगनं वाकून मोजले. "सात हायत, बराबर."

"जॉइंट लई पक्का हाय, सर," फारुक हसू दाबत म्हणाला. "फकस्त जागा उलटी. कॉम्प्युटरला वाटलं पेट्रोल कमी पडून राहिलं, तो ओततच राहिला बिचारा."

"पण काळी म्हणजे..."

"तारेच्या रंगावर जायचं न्हाई, मीटरवर जायचं. हे तुमीच आमाला उठाबशा काढायला लावून शिकवलं, सर."

सर पुन्हा तुरीच्या शेंगांकडं वळले. सोजराबाई मात्र इतका वेळ दाबून ठेवलेलं बोलल्या. "आता मुकाट मागं बसा. गाडी फारुक चालवीन."

सात वेढे सोडवायला फारुकला पंधरा मिनिटं लागली. तारा जागच्या जागी गेल्या, इंजिनाचे काजळलेले स्पार्क प्लग पुसले, दिवा विझला. मोटारसायकल भावसिंगच्या जिपेवर चढली. सर मागच्या सीटवर औंढ्यापर्यंत हूं की चूं न करता बसले.

पोचायला पाऊण वाजला. दारात शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पाळणा खाली उतरला, सागवान पाहून त्यांचे हात हळूहळू खाली आले, आणि सपना पहिल्यांदाच सासूदेखत मोकळं हसली. आढ्याच्या कडीला पाळणा टांगायचा होता. सवयीनं सरांनी दोरी उचलली. सोजराबाईंनी नुसतं पाहिलं.

सरांनी दोरी फारुकच्या हातात दिली. "तू बांध."

फारुक स्टुलावर चढला. दोरी कडीतून ओवली आणि गाठ मारू लागला. सरांना राहवेना.

"अरे, तीन काय वेढे घेतोस? लेकरू झोपणार आहे त्यात! सात घे, सात!"