टॅन्सीला दिलेली खळ

माझी बायको एल्सी तीन दिवसांसाठी बहिणीकडे निघाली तेव्हा तिने मला बजावलं, "टॅन्सीला खायला घाल, फिरवून आण. तिच्या केसांना मात्र हात लावू नकोस." (गुरांच्या बाजारातल्या कचेरीत मी एकवीस वर्षं कारकुनी करतोय. लेखी सूचना मी तंतोतंत पाळतो. ही तोंडी होती.)

टॅन्सी आमची बॉर्डर टेरियर जातीची कुत्री. एल्सीच्या वडिलांनी जन्मभर जोपासलेल्या वंशातली ती शेवटची मादी. वडील वारले आणि हे एवढंसं तांबूस जनावर तेवढं मागे राहिलं. शनिवारी गावच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात स्कॉटलंडहून मिस टर्नबुल परीक्षक म्हणून यायच्या होत्या. त्यांना कुत्री पसंत पडली, तरच त्या आपल्या नामांकित नराशी तिची जोडी लावणार होत्या. नाहीतर वंश तिथेच संपला. नवे केस कडक यावेत म्हणून एल्सी तीन महिने रोज संध्याकाळी टॅन्सीचे जुने केस बोटांनी एकेक उपटत बसायची.

गुरुवारी टॅन्सी नदीकाठी एका मेलेल्या सामन माशावर मनसोक्त लोळली. तिला घरात घेतलं तर पडदेसुद्धा वास मारायला लागले. मी विचार केला, एक आंघोळ घातली तर कुणाला कळणार आहे? एल्सीचा लव्हेंडरचा शाम्पू होता. कुत्री बिचारी डोळे मिटून उभी राहिली. शेकोटीपाशी वाळली तेव्हा माझ्यासमोर बदकाचं पिल्लू बसलं होतं.

शेजारचा म्हातारा रॉब्सन, जुना मेंढपाळ, दूध द्यायला आला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला.

"पोरा, काय केलंस हे?"

"नुसती आंघोळ घातली."

"अरे, टेरियरचा केस काथ्याच्या पायपुसण्यासारखा टोचायला हवा. पावसात, काट्याकुट्यांतून कोल्ह्याच्या बिळात शिरणारी जात ही. हिला तर आता गळ्याभोवती गुंडाळून चर्चला जाता येईल."

"परत कडक होईल ना?"

"होईल की. पंधरा दिवसांत."

"प्रदर्शन परवा आहे."

रॉब्सनने टोपी चढवली. "एल्सीने विचारलं तर मी इकडे आलोच नव्हतो," म्हणाला आणि गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शुक्रवारी, अगदी शांत डोक्याने (हे मी आजही शपथेवर सांगेन), मी कॉलरला द्यायची खळ शिजवली आणि डोकं सोडून बाकी सगळ्या कुत्रीला लावली. वाळल्यावर केस खरोखरच टोचायला लागले. चालताना ती किंचित करकरत होती, पण मैदानात बँड असतो.

शनिवारी एल्सी बसमधून उतरली ती थेट मैदानावर. आमच्या गटाची हाक झालीच होती. तिने माझ्या हातातून पट्टा घेतला, टॅन्सीचं डोकं कुरवाळलं आणि थबकली.

"इस्त्रीचा वास कुठून येतोय?"

"मी शर्टाला इस्त्री केली."

तिने माझ्या शर्टाकडे पाहिलं. चुरगळलेल्या शर्टाचं ध्यान बघण्यासारखं होतं. पण तेवढ्यात तिला आत बोलावलं.

मी दोरीपाशी उभा. मिस टर्नबुलनी टॅन्सीला टेबलावर घेतलं. डोकं पाणमांजरासारखं रुंद आणि चपटं; त्यांची मान पसंतीने हलली. खांद्यामागे दोन्ही हातांचा वेढा घातला, बोटांना बोटं भिडली, पुन्हा मान हलली. शेपूट बुडाशी जाड, टोकाला निमुळती. एल्सीचा चेहरा उजळत चालला होता. मग त्यांनी कातडी किती सैल आहे हे पाहायला पाठीवरून एक चिमूट उचलली.

पापड मोडल्यासारखा आवाज झाला.

मिस टर्नबुलनी पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा तोच आवाज. एवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. टॅन्सीच्या अंगावरून पांढरी लापशी ओघळून टेबलावर पडू लागली आणि टॅन्सी शेपूट हलवत ती चाटू लागली. आधी टेबल, मग मिस टर्नबुलची बोटं.

एल्सी माझ्याकडे वळली. मी बँडकडे बघत होतो.

"तयारी कुणी केली हिची?" मिस टर्नबुलनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याने." एल्सी म्हणाली.

त्यांनी मला इकडे या अशी खूण केली. मी दोरीखालून वाकून गेलो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, टेबलावर नव्हतो एवढंच.

"आज नंबर देता येणार नाही," त्या एल्सीला म्हणाल्या. "पण बांधा उत्तम आहे. आणि अंगावर खळ घालूनही जी कुणाला चावली नाही, तिचा स्वभाव मला आणखी तपासायचा नाही. केस काय, परत येतील. ऑक्टोबरात माझ्याकडे आणा हिला."

एल्सीने भर पावसात डोळे पुसले. मीही सुटकेचा श्वास टाकला.

"आणि हे," मिस टर्नबुल माझ्याकडे हनुवटीने दाखवत म्हणाल्या, "किती वर्षं झाली हे तुमच्याकडे?"

"अठरा."

"मग आता सवयी काही सुटणार नाहीत," त्या सहानुभूतीने म्हणाल्या. "येताना यांना घरीच बांधून ठेवा."